प्रभातफेरीची वाट

श्रावणाच्या झडीने रस्ते निसरडे झालेले असावेत, आभाळ भरून आलेले असावे आणि तरीही शाळेच्या फाटकातून निघालेल्या मुलांच्या रांगा लेझमीच्या ठेक्यावर गावात शिराव्यात, हे पंधरा ऑगस्टच्या सकाळचे दृश्य मराठवाड्यातील खेड्यांतून मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आणि अलीकडे वेळेची सबब पुढे करून प्रभातफेरीला फाटा देण्याचा, समारंभ पटांगणातच आटोपता घेण्याचा शिरस्ता काही शाळांतून पडू लागला आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

ध्वज पटांगणात उभारला जातो, परंतु गावाच्या दारात तो नेते ती ही फेरीच. गुडघ्यांमुळे शाळेची पायरी चढणे ज्या आजीला होत नाही, ती उंबऱ्यात उभी राहून घोषणा देणाऱ्या रांगेत आपला नातू शोधते. रानाकडे निघालेला सालगडी बैलांचे कासरे आवरून कडेला थांबतो. 1930च्या कायदेभंगाच्या दिवसांत ब्रिटिश मुलखातील गल्ल्यांतून पहाटे अशाच फेऱ्या निघत, आणि त्यांत चालणाऱ्यांस पोलिसांच्या लाठीचे भय असे.

आमच्या भागात तर हे भय अधिक काळ टिकले. 15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत उत्सव चालला असता मराठवाड्यावर निजामाचाच अंमल होता, आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापकपद एकेकाळी भूषविलेले स्वामी रामानंद तीर्थ त्या दिवशी अटकेत गेले. त्यापूर्वी 1938 साली ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला होता. निजामाचा अंमल संपवणारा 17 सप्टेंबर 1948 उजाडेपर्यंत येथील रयतेने 13 महिने अधिक सोसले. ज्या भूमीला तिरंगा असा विलंबाने लाभला, त्याच भूमीतील नांदेडच्या खादी समितीत आज राष्ट्रध्वज तयार होतात, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे असे मला वाटते.

ध्वज बांधण्याचे कामही पाहण्यासारखे असते. सुरगाठ फार आवळली तर पाहुण्यांनी दोरी ओढूनही ती सुटत नाही, सैल राहिली तर ध्वज अर्ध्या वाटेतच उलगडतो. म्हणून गुरुजी आदल्या दिवशी सातवीच्या मुलांकडून ती पुन्हा पुन्हा बांधवून घेतात, आणि अखेरच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवण्याचा मान मिळालेली मुलगी त्या ओंजळीत धरूनच वावरत असते. पटांगणावर फक्कीच्या रेघा ओढणारा शिपाई, खाऊसाठी वर्गणी देणारा दुकानदार, खुर्च्या वाहून आणणारे माजी विद्यार्थी, या सर्वांच्या हातांनी शाळा त्या दिवशी साऱ्या गावाची होते.

माझी विनंती एवढीच की, मराठवाड्यातील शाळांनी ऑगस्टची फेरी राखावी आणि सतरा सप्टेंबरलाही तितक्याच आस्थेने एक फेरी काढावी. त्या फेरीचा मार्ग गावातील स्वातंत्र्यसैनिकांच्या घरांवरून जावा, तेथे मुलांनी घटकाभर थांबावे आणि भाषणाऐवजी त्या घरातील वडीलधाऱ्यांकडून जुनी हकिकत ऐकावी. त्यासाठी सैनिकांची नावे गावच्या दप्तरातून आणि वृद्धांच्या स्मरणातून आताच गोळा करावी लागतील, कारण ती सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हे काम पंधरा ऑगस्टच्या तयारीच्या सभेतच वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे.