घड्याळातल्या कॅलरींवर जेवण ठरवू नका

मनगटी घड्याळातला ॲक्सेलरोमीटर एकच गोष्ट ओळखतो: मनगटाची गती तीन दिशांना किती आणि कशी बदलली. त्यापुढचे सारे गणित आहे. पावलांचे गणित बऱ्यापैकी जमते, कारण चालताना हात ठरावीक लयीत हलतो. कॅलरींचे जमत नाही, तरीही ‘४१२’ असा नेमका आकडा दाखवला जातो आणि त्याच्या भरवशावर माणसे रात्रीची भाकरी वाढवतात किंवा टाळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर अशी सात उपकरणे तपासली. हृदयाचे ठोके मोजण्यात सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींत सर्वांत सरस उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले, सर्वांत कच्चे ९३ टक्के.

असे का होते, हे कामाकडे पाहिले की कळते. डोक्यावर भरलेला हंडा, एका हाताने तो धरलेला आणि पुढे चढण. बाईला धाप लागते; पण हंडा धरलेल्या त्या हाताला घड्याळ असेल, तर मनगट जवळजवळ स्थिर. त्याच वेळी भजनाला मांडी घालून बसलेल्या टाळकऱ्याचे मनगट अखंड हलत असते. कष्ट कोणाचे जास्त, हे केवळ मनगटाला कळणार नाही. ठोक्यांची जोड दिली की प्रश्न सुटतो, असे म्हटले जाते. थोडा सुटतोही, मात्र ठोके उन्हाने वाढतात, काळजीने वाढतात, आणि स्टॅनफर्डच्या चाचणीत ठोके बरोबर येऊनही कॅलरी चुकल्याच. ‘चूक रोज सारखीच असेल, तर कल तरी कळेल,’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोज त्याच रस्त्याने चालणाऱ्यापुरता तो खराही आहे. पण आज चालणे, उद्या सायकल, परवा वजने उचलणे असा क्रम असेल, तर कामागणिक चूकही बदलते.

म्हणून संवेदक निरुपयोगी ठरत नाही. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ने २०१३ ते २०१५ दरम्यान एक लाखाहून अधिक लोकांच्या मनगटावर तो सात दिवस बांधला, कारण ‘आठवड्यात किती चाललात?’ याचे उत्तर माणसे आठवणीने देतात आणि आठवण दगा देते. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, तेही प्रश्नावलीवरून. अशा पाहण्यांत मनगटी मोजणी हवीच, फक्त हालचालीची. ऊर्जेचा खरा खर्च जाणायला ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेले पाणी पाजून पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासावे लागतात. हे घरोघरी शक्य नाही, हे मान्य. पण ‘४१२’ऐवजी ‘३०० ते ५२५’ असे लिहिणे कोणत्याही कंपनीला आजही शक्य आहे, आणि ग्राहकांनी ते मागायला हवे.