सही करण्याआधी घर आखून पाहा

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याहून एका बहिणीचे पत्र आले आहे. तिचे माहेर पुण्यातल्या एका जुन्या वस्तीत. तिथे आता इमारत उठणार म्हणून संमतीपत्रावर सह्या गोळा करणारी माणसे दारोदार फिरत आहेत. भावाने सही करून टाकली. अम्मी मात्र अडून बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच, की घर कसे असेल ते मला कोणी दाखवले आहे का? भाऊ म्हणतो, फुकट घर मिळतेय, त्यात बघायचे काय? बहीण विचारते, समजूत कुणाची घालू, अम्मींची की भाईजानची?

भाईजानची, असे माझे मत आहे. पण अम्मींनीही नुसते अडून बसू नये.

या बहिणीच्या सासरी नुकतेच घरकुल झाले आहे. ग्रामीण घरकुल योजनेत किमान 25 चौरस मीटरचे घर, 1 लाख 20 हजारांचे अनुदान, आणि बांधायचे ज्याचे त्याने. त्यामुळे सासूबाई गवंड्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. चूल इकडे, मोरी तिकडे, वजूला बसायला पायरी हवी, खिडकी रस्त्याच्या बाजूला नको. मोरीची जागा त्यांनी दोनदा बदलली म्हणे, गवंडी वैतागला. खेड्यातल्या बाईला हे हक्काचे वाटते. मग तेवढ्याच चौरस फुटांच्या घरासाठी शहरातल्या बाईने विचारले तर ती अडेलतट्टू कशी?

आणि शहरात हे जमत नाही असेही नाही. खुद्द पुण्यातच झालेले आहे. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून 2009 च्या सुमारास येरवड्यातल्या काही वस्त्यांमध्ये महापालिकेने घरे बांधायचे ठरवले. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलनच्या बाया मध्ये होत्या, वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई होते. सगळी वस्ती पाडून एका टोकाला मनोरा उभा करण्याऐवजी त्यांनी वेगळी वाट धरली. ज्यांची घरे पक्की होती ती तशीच ठेवली. कच्ची तेवढी उतरवून शक्यतो त्याच जागी नवी बांधली, सुमारे 270 चौरस फुटांची. कुटुंबाने स्वतःचा थोडा वाटा घालायचा, बाकी पैसा सरकारचा.

यातली खरी मेहनत विटा-सिमेंटची नव्हती, बोलण्याची होती. कागदावरचा नकाशा आपल्यापैकी किती जणांना वाचता येतो? निळ्या-काळ्या रेघा दाखवून ‘समजलं ना?’ असे विचारले की माणूस लाजेने मान डोलावतो. म्हणून तिथे घरांच्या प्रतिकृती करून दाखवल्या. मग बाया बोलू लागल्या. ज्यांची जागा फार चिंचोळी होती त्यांनी शेजारच्या नातेवाइकाबरोबर जागा एकत्र करून वर-खाली घरे घेतली. गल्ली रुंद व्हावी म्हणून कुणी हातभर जागा सोडली. या गोष्टी कचेरीत बसून ठरत नाहीत, कारण कोणाचे कोणाशी पटते हे कचेरीला ठाऊक नसते.

सगळेच छान झाले असे मी म्हणणार नाही. जागा लहान म्हणून घरे उभी चढली, एका मजल्यावर एक खोली, आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना जिना आला. पण निदान जिना कुठून चढतो हे आधी पाहिलेले होते.

ही रीत आली कुठून, तर मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरून. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला आणि पदपथावरच्या झोपड्या उठणार हे स्पष्ट झाले. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या स्पार्कने त्या वस्त्यांची शिरगणती केली. 1986 मध्ये महिला मिलन उभे राहिले. त्यातल्या कित्येक जणी मुसलमान होत्या, फारसे न शिकलेल्या. आपल्याला घर मिळाले तर ते कसे असावे, हे त्यांनी स्वतः आखले. त्यांना 14 फूट उंचीचे घर हवे होते, म्हणजे वर पोटमाळा टाकता येतो, मुले वर झोपतात, खाली शिलाईचे काम चालते. शिकलेल्या माणसाने जमिनीचे चौरस फूट मोजले असते, या बायांनी हवेतली जागाही मोजली.

आता अम्मींनी काय करावे? सहावारी साडी घ्यावी. सहा वार म्हणजे बरोबर 18 फूट. अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर एका बाजूला साडीभर आणि दुसऱ्या बाजूला 15 फूट मापून खडूने चौकट काढावी. हे झाले 270 चौरस फूट. तुम्हाला देऊ केलेला आकार वेगळा असेल तर त्याप्रमाणे. मग त्यात पलंग, कपाट, ओटा, न्हाणीघर आखावे आणि घरातल्या सगळ्यांनी आत उभे राहून पाहावे. भाईजानलाही उभे करावे.

आपल्या घरांचे काही प्रश्न असे आहेत, जे आपण काढले नाहीत तर दुसरे कोणी काढणार नाही. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. संडासाचे भांडे पूर्व-पश्चिम बसवले की तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे होते, आणि घरातली म्हातारी माणसे जन्मभर चुटपुटत राहतात. नकाशात ते उत्तर-दक्षिण करायला पेन्सिलीची एक रेघ लागते. नळ बसल्यावर भिंत फोडावी लागते. लिफ्टमध्ये जनाजा आडवा मावतो का? मय्यतीला गुस्ल द्यायला तळमजल्यावर आडोशाची जागा आहे का? दार उघडले की समोरच्या दारातून सरळ चूल दिसते का? शेजारच्या हिंदू बहिणीही तुळशीची जागा आणि हळदीचा मांडव विचारतीलच. एकत्र विचारले तर वजन पडते.

पण विचारणार कोण? मशवऱ्याने कामे करणाऱ्यांची तारीफ ज्या सूरहमध्ये आहे तिचे नावच शूरा. आपल्याकडे मात्र मशवरा म्हटले की चार पुरुष मशिदीबाहेर उभ्या उभ्या ठरवून टाकतात, आणि घरात येऊन सांगतात, झाले ठरले. ज्या घरात दिवसाचे अठरा तास बाई राबणार, त्याच्या सभेला बाई नको?

कायद्याचीही थोडी माहिती असू द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्य सरकारने 2009 साली पुनर्विकासाचे नियम घातले आणि 4 जुलै 2019 रोजी ते बदलले. आता निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे 51 टक्के सभासदांची संमती पुरते. पण सभेला दोनतृतीयांश सभासद हजर लागतात आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. झोपडपट्टी पुनर्वसनातही पूर्वी 70 टक्के संमती लागत असे, ती अट खाली आली आहे. थोडक्यात, अम्मींनी सही केली नाही तरी इमारत होऊ शकते, आणि मग त्यांचे प्रश्न विचारायचेच राहून जातील. म्हणून नुसते अडून बसण्यात फायदा नाही. सही राखून ठेवावी, आणि नकाशा, करारनामा मराठीत, मधल्या काळात राहण्याची जागा किंवा भाडे, हे सगळे लेखी मागावे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही अजिबात नको.

उशीर करण्यालाही किंमत असते. 31 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती इमारत भेंडी बाजारच्या पुनर्विकासातलीच होती. धोक्याची म्हणून काही कुटुंबे आधी बाहेर पडली होती, काही राहिली होती. तेव्हा अम्मींची भिंत ओली, पत्रा गंजलेला असेल तर नव्या घराला नाही म्हणू नये.

बहिणीने शेवटी ताजा कलम म्हणून लिहिले आहे, की अम्मींच्या माळ्यावर बारा वर्षांपासून एक विधवा भाडेकरू राहते, तिचे काय? खरे सांगायचे तर अशा योजनांत भाडेकरूला सहसा कोणी विचारत नाही, सही घर-मालकाची लागते. तिच्याकडे त्या पत्त्याचे काय काय कागद आहेत, रेशन कार्ड, मतदार यादी, वीजबिल, ते अम्मींनी आजच तिच्याबरोबर बसून काढावेत, आणि सभेला जाताना तिलाही सोबत न्यावे.