तळ्याचे पंचांग

शेतकऱ्याच्या लेखी मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे पावसाची. 7 जूनच्या आसपास सूर्य मृगात प्रवेश करतो आणि पेरणीची भाषा सुरू होते. आषाढात चातुर्मास बसतो. वर्षाकाळी भूमीवर जीवोत्पत्ती विपुल होते, पावलापावलाला हिंसेचा संभव असतो, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका स्थानी राहतात. आपल्या पूर्वजांनी ऋतू आणि जीवसृष्टी यांचे नाते किती बारकाईने पाहिले होते, याची ही साक्ष होय. मात्र सूर्याचे नक्षत्र आणि चंद्राची तिथी ठरलेली असते. पाऊस तसा ठरलेला नसतो. गावाबाहेरच्या तळ्यातील जीव तिथी पाहत नाहीत, ते पाणी पाहतात.

आपल्याकडील मोठ्या बेडकाचेच उदाहरण घ्यावे. कोरड्या महिन्यांत तो मातीत स्वतःला गाडून घेऊन निपचित पडून असतो. पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की तो वर येतो आणि एरवी मातकट-हिरवट दिसणारा नर लिंबासारखा पिवळाजर्द होतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून तो रात्रभर साद घालतो. हा सोहळा मोजक्या दिवसांचा असतो. मादी उथळ पाण्यात हजारो अंडी घालते आणि तिथून खरी शर्यत सुरू होते. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पाय फुटून ती जमिनीवर येईपर्यंत काही आठवडे जातात. तेवढा काळ डबक्यात पाणी टिकले तर पिढी वाचली, न टिकल्यास सारी संपली.

2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. एरवीची तारीख आहे 11 जून. पुढे महिनाअखेरीपासून दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याची वाटचाल थबकली. आपण म्हटले, ‘यंदा लवकर आला आणि मग दडी मारली.’ परंतु पहिल्या सरींवर विश्वास ठेवून ज्यांनी उथळ डबक्यात अंडी घातली असतील, त्यांच्यासाठी ही दडी म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता.

पावसाळ्याचे दुसरे टोकही सरकले आहे. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर झाली. मधला काळही भरवशाचा राहिलेला नाही. 2023 चा ऑगस्ट हा देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन श्रावणात पाणी ओसरले, तर कमळपक्ष्याचे काय होते? हा पक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. मादी अंडी घालून निघून जाते. ती उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे. घरट्याला धोका दिसला तर तो अंडी दुसरीकडे हलवतो. परंतु पानाखालचे पाणीच गेले आणि कुत्र्यामांजरांना वाट मोकळी झाली, तर त्या बापाच्या कष्टांनाही मर्यादा आहे.

उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांची अडचण वेगळी आहे. तलवार बदक, थापट्या, तुतवार हे पक्षी तिकडे दिवस लहान होऊ लागले की निघतात. दिवसाची लांबी कधी चुकत नाही, म्हणून ते आपल्या वेळेवर येतात. पाऊस मात्र लांबलेला असतो. तळे काठोकाठ भरलेले असल्यास तुतवाराला चोच खुपसण्यास ओला चिखल सापडत नाही. सूर्याच्या वेळापत्रकावर चालणारे जीव आणि पाण्याच्या वेळापत्रकावर चालणारे तळे यांची जुनी गाठ अशी सैल होत चालली आहे.

ढगांवर आपला अधिकार नाही. तळ्याच्या काठावर मात्र आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली तळ्याला चहूबाजूंनी उभ्या सिमेंटच्या भिंती घातल्या, तर बेडकाला गाडून घेण्यास माती उरत नाही आणि पिल्लांना बाहेर पडण्यास उतार उरत नाही. निदान एक काठ कच्चा, उतरता आणि गवताळ राहू द्यावा, एवढा आग्रह आपण ग्रामसभेत धरू शकतो. दुसरी गोष्ट जीवदयेची. बाजारातून सोडवलेले परदेशी मासे किंवा कासवे पुण्यबुद्धीने गावतळ्यात सोडली जातात. हेतू निर्मळ असतो, पण एक जीव वाचवताना तिथल्या शेकडो स्थानिक जिवांचे अन्न आणि जागा हिरावली जाते. पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या जलाशयातील पाणी त्याच जलाशयात परत सोडावी, अन्यत्र नव्हे, हा आपल्या आजी-पणजींचा दंडक येथेही मार्गदर्शक ठरावा.

1987 मध्ये भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. पिकांवरील किडे खाणारा हा जीव मोठ्या प्रमाणावर मारला जात होता, ते थांबले. त्या वेळी संकट डोळ्यांना दिसत होते. आजचे संकट हळूहळू येते, म्हणून ते दिसण्यासाठी नोंद ठेवावी लागते.

वाचकांनी आपल्या मुलानातवंडांसह एक वही करावी. पहिला बेडूक कोणत्या तारखेला ओरडला, चतुरांचे थवे केव्हा दिसले, कमळपक्ष्याची पिल्ले केव्हा निघाली, पहिले बदक केव्हा उतरले आणि तळे केव्हा आटले, एवढ्या पाच नोंदी दरवर्षी पुरेत. एका वर्षाच्या वहीतून फारसे कळणार नाही. दहा वर्षांच्या वहीतून तळे काय सोसत आहे ते कळेल. ज्याची वेळ आपल्याला ठाऊक असते, त्याची अनुपस्थितीही आपल्याला जाणवते. ज्याची अनुपस्थिती जाणवते, त्याच्या रक्षणासाठी मनुष्य उभा राहतो.