कलंकाची मोजपट्टी आणि मराठीची कसोटी

दुःख मोजता येत नाही, हे विधान साहित्याच्या वर्गात चटकन मान्य होते. गर्भारपणाच्या अखेरीस किंवा जन्मानंतर लगेच मूल गमावलेल्या आईबापांबाबत मात्र ते आम्हांस अपुरे वाटते. त्यांच्या वाट्याला शोक येतो आणि कलंकही येतो. शोक त्यांचा स्वतःचा. कलंक इतरांनी दिलेला. पहिल्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये प्रश्नावली तयार झाली. मृतजन्माशी निगडित कलंक मोजणारी श्रेणी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यानंतर कितीतरी उशिरा, अलीकडच्या काळात सिद्ध केली. अर्व्हिंग गॉफमन यांचा कलंकाविषयीचा ग्रंथ १९६३ चा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विलंब डोळ्यांत भरतो.

अशा श्रेणींत काही विधाने असतात आणि ती आपणांस कितपत लागू पडतात ते आकड्यांत सांगायचे असते. ती विधाने मराठीत आणायची कशी, हा खरा प्रश्न आहे. 'लोक तुम्हांला टाळतात का?' असे विचारले तर आपल्याकडील स्त्री बहुधा 'नाही' म्हणेल. येणेजाणे चालूच असते. फक्त जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला तिला पुढे बोलावत नाहीत. बारशाचे आमंत्रण येते, पाळण्याची दोरी हाती येत नाही. बापाला तर 'वहिनी कशा आहेत?' एवढेच विचारतात. 'गर्भ टिकला नाही' या वाक्यात निदान कर्ता गर्भ असतो. 'हिच्या पोटी मूल जगत नाही' म्हणताच दोष तिच्याकडे सरकतो. जुन्या वैद्यकातील 'मृतवत्सा' हा शब्द तर बाळाच्या मृत्यूला आईचे विशेषण करून ठेवतो. बापासाठी असे विशेषण रूढ नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. ही घटना आपण सांगतो ती त्यांच्या १८८६ मधील वैद्यकीय पदवीची पायरी म्हणून. शोकाला कर्तृत्वाची प्रस्तावना केले की त्यापाशी थांबावे लागत नाही. काटेकोर मोजमापही इथे अडते: प्रसवकालीन मृत्यूची मर्यादा जन्मानंतरच्या पहिल्या ७ दिवसांची, म्हणजे ते मूल व्याख्येबाहेरच राहते. कथा आणि गणना, दोन्हींतून त्या आईचे दुःख निसटते.

तरीही मोजमाप हवेच. ज्याची नोंद नाही, ते परिचारिकांच्या प्रशिक्षणात येत नाही आणि रुग्णालयाच्या नियमांतही येत नाही. मात्र त्यातील विधाने इंग्रजीतून उतरवलेली नसावीत; ती इथल्या आईबापांच्या बोलण्यातून वेचलेली असावीत. मराठी विभागांत ओव्या जमवल्या जातात, बोलींचे कोश होतात. अशा घरांत काय बोलले जाते आणि काय बोलायचे टाळले जाते, याची नोंद एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या बोलीपुरती जरी केली, तरी उद्याच्या प्रश्नावलीला तिची पहिली खरी वाक्ये मिळतील. हे काम संख्याशास्त्राच्या आधीचे आहे आणि ते आपलेच आहे, असे आम्हांस वाटते.