चित्रनोंद शिकायला हवी

शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकत घेण्याचा हक्क १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने नागरिकाला दिला आहे. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी नियोजन समिती सुनावणी घेते. कायदा एवढा उदार आहे. पण मासळी वाळविण्याच्या जागेबद्दल कोळीवाड्यातील एखादी बाई पाच मिनिटे पोटतिडकीने बोलते आणि वहीत उतरते ते ‘आरक्षणास विरोध’ एवढेच. आपले म्हणणे कसे लिहिले गेले हे तिला दिसत नाही. दिसले तरी ते आपलेच आहे हे तिला ओळखू येणार नाही.

मुंबईचा अनुभव ताजा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा चुकांमुळे दोन महिन्यांतच फेरदुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. कोळीवाडे व गावठाणे यांच्या सीमा नकाशावर नीट दाखविल्या नाहीत, ही त्या वेळची एक मोठी तक्रार होती.

अशा वेळी चित्रनोंदीचे तंत्र आपल्या कार्यकर्त्यांनी आत्मसात करावे, असे मला वाटते. सभा चालू असतानाच भिंतीवर मोठा कागद लावून, बोलले जाईल ते शब्द, बाण आणि साध्या आकृत्यांनी सर्वांसमक्ष मांडत जाणे, एवढेच ते आहे. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड सिबेट प्रभृतींनी १९७० च्या दशकात ते घडविले आणि पुढे ते कंपन्यांच्या बैठकांत रुळले. तेवढ्यावरून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. भिंतीवर घोषणा रंगविणाऱ्याला ब्रश काही परका नाही.

मी स्वतः प्रथम हे करावयास गेलो ते एका वस्तीत, सार्वजनिक शौचालयाच्या प्रश्नावर. चित्र चांगले दिसावे या मोहाने मी दाराजवळ एक दिवा काढला. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, दिवा कुठून आणलात? दिवा असता तर आम्ही इथे कशाला आलो असतो?’’ सभा हसली. मी दिव्यावर काट मारली आणि त्यानंतरची सारी चर्चा शौचालयापेक्षा तेथवर जाणाऱ्या अंधाऱ्या बोळाचीच झाली. माझी चूक वहीत झाली असती तर ती तशीच राहिली असती.

शिकण्यासाठी चित्रकार असावे लागत नाही. खाकी कागद, जाड टोकाचे मार्कर, आणि मागच्या रांगेतून वाचता येईल एवढे अक्षर. माणूस म्हणजे एक गोल आणि चार रेघा. काळा रंग सांगितलेल्या वस्तुस्थितीला, लाल मागणीला. तिसऱ्या रंगाची गरज सहसा पडत नाही. घरी रेडिओवरील बातम्या ऐकत सराव करावा. खरी कठीण गोष्ट हाताची नसून कानाची आहे: आपल्याला पटलेले तेवढेच कागदावर येते आणि न पटलेले गळते. सभा चालविणाऱ्याने स्वतः चित्र काढू नये, कारण दोन्ही अधिकार एका हाती गेले की कागद त्याचाच होतो. अधूनमधून थांबून, बोट ठेवून विचारावे, ‘‘आपण हेच म्हणालात ना?’’

आराखडा आधीच ठरवून ठेवलेले सल्लागारही असे रंगीत कागद ‘लोकसहभागा’चा दाखला म्हणून टांगू शकतात, हा धोका मला मान्य आहे. म्हणून मूळ कागद वस्तीतच राहिला पाहिजे. त्याचे छायाचित्र हरकतीच्या अर्जाला जोडावे. मात्र अर्ज लेखी आणि मुदतीतच द्यावा, कारण चित्र कितीही बोलके असले तरी कायदा लेखी हरकतच ओळखतो.

शाखेच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या शेजारी एकाने कागद लावून उभे राहावे आणि शेवटी दोन्ही नोंदी सर्वांसमोर ताडून पाहाव्यात.