लहरींना शाखा नसतात



परीक्षांचे निकाल लागले की आमच्या घराची बेल वारंवार वाजू लागते. पेढ्यांचा पुडा घेऊन आई-वडील येतात, त्यांच्यामागे संकोचलेला मुलगा किंवा मुलगी असते, आणि चहा येण्यापूर्वीच प्रश्न येतो, "सर, सध्या स्कोप कशाला आहे?"

या प्रश्नामागची काळजी मला कळते. फी भरायची, प्रसंगी कर्ज काढायचे, आणि चार वर्षांनी नोकरी मिळाली नाही तर? तरीसुद्धा माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते सांगण्यासाठी एका विद्युत अभियंत्याची हकीकत सांगतो.

तुमच्या घरात किंवा शेजाऱ्यांकडे वाय-फायची डबी असेल. तिला दोन, तीन, कधी चार अँटेना शिंगांसारख्या उभ्या असतात. एक शिंग पुरले नसते का? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत आरोग्यस्वामी पॉलराज यांचे नाव फार वरचे आहे. गंमत अशी की त्यांचे आधीचे मोठे काम बिनतारी संदेशवहनातले नव्हतेच. ते होते समुद्राच्या पाण्याखालच्या आवाजाचे!

पॉलराज यांचा जन्म १९४४ साली तमिळनाडूतील पोल्लाची येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. तेथून नौदल, लोणावळ्याला नौदलाच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण, आणि नंतर दिल्लीच्या आयआयटीत पीएच्.डी. ती पदवी त्यांना १९७३ साली मिळाली.

दरम्यान १९७१ चे युद्ध झाले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९० हून अधिक नौसैनिक गेले. पाण्याखालच्या शत्रूचा माग काढणारे यंत्र म्हणजे सोनार. ते अधिक तीक्ष्ण असणे किती गरजेचे आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिले. जुन्या सोनारची सुधारणा पॉलराज यांच्याकडे आली, आणि पुढे कोचीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' हे संपूर्ण नवे सोनार तयार झाले. १९८३ पर्यंत ते नौदलाच्या हाती आले.

सोनारमध्ये पाण्यातले अनेक ध्वनिग्राहक एकत्र मांडलेले असतात. लहर प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. त्या फरकावरून गणिताने दिशा काढतात. तुम्ही डोळे मिटून हाक कुठून आली ते ओळखता ना? दोन कानांचे तेच काम. मात्र समुद्रात लाटांचा, जहाजाच्या यंत्रांचा आणि तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचा गोंगाट एवढा असतो की हवा तो आवाज निवडणे म्हणजे जत्रेत हरवलेल्या मुलाचे रडणे ओळखण्यासारखे आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. वारंवारता ७५०० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी किती? १५०० भागिले ७५००, म्हणजे ०.२ मीटर किंवा २० सेंटिमीटर. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. वारंवारता १५० कोटी हर्ट्झ घेतली, तर तरंगलांबी पुन्हा २० सेंटिमीटरच! एक लहर पाण्याच्या दाबाची, दुसरी विद्युतचुंबकीय. एकीचा वेग दुसरीच्या दोन लाख पट. पण ग्राहक किती अंतरावर मांडायचे आणि दिशा कशी काढायची, हे गणित दोघींना सारखेच लागू पडते. लहरीला आपण कोणत्या शाखेत शिकवलो जातो, याची फिकीर नसते.

सोनारचे काम झाल्यावर पॉलराज काही काळ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांना प्राध्यापक थॉमस कैलाथ भेटले. कैलाथ मूळचे पुण्याचे. १९३५ साली पुण्यात जन्मलेले आणि १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. या दोघांनी आणि रॉय या सहकाऱ्याने ग्राहकांच्या रांगेवरून लहरींची दिशा काढण्याची 'एस्प्रिट' नावाची पद्धत मांडली. भारतात परतून पॉलराज यांनी बंगळूरला कृत्रिम बुद्धिमत्तेवरील संशोधन केंद्र उभारले. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा स्टॅनफर्डला गेले. तेव्हा त्यांचे वय होते सत्तेचाळीसच्या आसपास. या वयात पुष्कळ लोक आता नवे काय शिकायचे, असे म्हणतात!

१९९२ साली त्यांनी कैलाथ यांच्यासह एक कल्पना पेटंटसाठी सादर केली. पूर्वी शहरात बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांचा मोठा शत्रू होता परावर्तन. लहर इमारतींवर आपटते, अनेक वाटांनी येते आणि स्वतःशीच भांडून क्षीण होते. पॉलराज म्हणाले, या अनेक वाटांचाच उपयोग करू. पाठवणाऱ्याकडे दोन अँटेना आणि घेणाऱ्याकडे दोन. एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी, दोन वेगळे संदेश!

ते एकमेकांत मिसळणार नाहीत का? मिसळणारच. समजा पहिल्या अँटेनाने 'क्ष' पाठवला, दुसरीने 'य'. घेणाऱ्या पहिल्या अँटेनाला ऐकू आले ३क्ष + २य = १६ आणि दुसरीला क्ष + ४य = २२. पुढचे तुम्हीच सोडवा. क्ष २ येतो, य ५ येतो. दहावीच्या पुस्तकातली एकसामयिक समीकरणे ती हीच! गुणक ओळखीचे व्हावेत म्हणून आधी एक ठरलेला संकेत पाठवून ठेवतात.

पण दुसरे समीकरण ६क्ष + ४य = ३२ असे आले तर? ते पहिल्याचीच दुप्पट आहे, उत्तर निघणार नाही. मोकळ्या मैदानात दूर अंतरावर जवळजवळ असेच होते. दोन्ही ग्राहकांना एकच गोष्ट ऐकू येते. भिंती, झाडे आणि इमारती लहरींना वेगवेगळ्या वाटांनी फिरवतात, म्हणून समीकरणे वेगळी होतात. ज्याला शत्रू मानले, तोच मित्र निघाला!

सुरुवातीला अनेक जाणकारांना हे पटले नाही. पण १९९६ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेच्या जेरार्ड फॉशिनी यांच्या कामानेही या मार्गाची ताकद दाखवली. पॉलराज यांनी १९९८ साली स्वतःची कंपनी काढून कल्पना यंत्रात उतरवली. आज 'मायमो' नावाचे हे तंत्र वाय-फायमध्ये आणि चौथ्या-पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांत आहे. २०१४ साली त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला.

आता सांगा, १९६० च्या सुमारास खडकवासल्याला निघालेल्या त्या मुलाला कोणी सांगितले असते की मोबाइल फोनला स्कोप आहे? मोबाइल फोनच नव्हता! स्कोप म्हणजे दुकानावरची पाटी. पाट्या बदलतात. आत जो माल लागतो, म्हणजे लहरींचे ज्ञान, गणित आणि गोंगाटात टिकणारा चिकाटीचा कान, तो बदलत नाही.

कोणी म्हणेल, "सर, असे पॉलराज किती होतात?" खरे आहे. नौदलाने त्यांना संशोधनाची संधी दिली आणि पुढच्या कामासाठी त्यांना परदेश गाठावा लागला, हेही मी लपवत नाही. प्रत्येकाला मार्कोनी पुरस्कार मिळणार नाही. पण एका कामात शिकलेले दुसऱ्या कामात वापरता येणे, ही गोष्ट साध्या नोकरीतही उपयोगी पडते.

शेवटी माझीही एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या तोंडावर एका हुशार विद्यार्थ्याने विचारले, "सर, ध्वनीचा धडा ऑप्शनला टाकू का? मला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय." मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, "टाक." पुढे तो इलेक्ट्रॉनिक्सला गेला, आणि सुट्टीत भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तिथे पहिल्याच वर्षी सगळ्या लहरीच निघाल्या हो!" तो हसत होता. मला मात्र हसता आले नाही. धड्यांमधल्या भिंती आम्ही शिक्षकच उभ्या करतो.

म्हणून मित्रांनो, यंदा कुणाला काही विचारायचेच असेल, तर स्कोप विचारू नका. स्वतःला विचारा, कोणत्या प्रश्नापुढे बसले की मला जेवणाची हाक ऐकू येत नाही? शाखा त्यावरून ठरवा. आणि एवढे करा, ध्वनीचा धडा ऑप्शनला टाकू नका!