केस न गळणारा कुत्रा आणि माझा फसलेला रिपोर्ट

इंजिनियरिंगला अ‍ॅडमिशन घेतली की घरच्यांच्या दृष्टीने आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, शेजारच्या काकांचा मोबाईल हँग झाला, की हाक ठरलेली, "तू इंजिनियर ना, बघ जरा!" गेल्या वर्षी याच न्यायाने माझ्याकडे एक वेगळाच प्रॉब्लेम आला. धाकट्या बहिणीला दहावीनंतर कुत्रा हवा होता आणि बाबा शब्द देऊन बसले होते. अडचण अशी की तिला लहानपणापासून अ‍ॅलर्जीचा त्रास. धूळ उडाली की शिंका, थंडीत कधीकधी पंपही घ्यावा लागतो. फ्लॅट लहान, म्हणून कुत्रा लहान हवा. शिवाय आईची अट, "घरभर केस नकोत." बाबांचा फोन आला, "शोधून सांग रे, कुठला घ्यायचा ते."

नेमके सबमिशनचे दिवस. एका हाताने फाईल कम्प्लीट करत मी तासाभर नेटवर शोधलं आणि निकाल दिला : शिह त्झू घ्या. केस गळत नाहीत, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. रीडिंग न घेता ग्राफ काढायची सवय आपल्याला असतेच, तीच इथे कामाला आली.

पिल्लू घरी आलं. नाव ठेवलं बुंदी. विकणाऱ्यानेही छातीठोकपणे सांगितलं होतं की याची कुणालाच अ‍ॅलर्जी होत नाही. केस खरंच गळले नाहीत. पण पंधरा दिवसांत बहिणीच्या शिंका वाढल्या, डोळे लाल राहू लागले आणि महिन्याभरात रात्री तिची छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि कुत्रा घरात ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलं. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा बुंदी मावशीकडे गेली होती. तिची पाण्याची वाटी मात्र गॅलरीत तशीच होती. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक तिची नव्हती, बुंदीची तर नव्हतीच. रिपोर्ट माझा होता.

त्यानंतर मी जो अभ्यास केला तो आधी करायला हवा होता. कुत्र्याची अ‍ॅलर्जी ही केसांची अ‍ॅलर्जी नसते. ती प्रथिनांची असते. ही प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत, मूत्रात आणि त्वचेवरून झडणाऱ्या बारीक कोंड्यात असतात. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे कण हवेत जातात. केस हे फक्त वाहन, पॅसेंजर वेगळाच! गाड्या कमी केल्या म्हणून पॅसेंजर संपत नाहीत, ते दुसऱ्या वाटेने येतात. हे कण इतके हलके असतात की हवेत तरंगत राहतात, कपड्यांना चिकटतात आणि ज्या घरात, ज्या वर्गात कधी कुत्रा आलाच नाही तिथेही सापडतात.

मग शिह त्झू, माल्टीज, टॉय पूडल, ल्हासा अ‍ॅप्सो या जाती कमी केस गाळतात हे खोटं का? नाही, खरं आहे. त्यांचे केस आपल्या केसांसारखे बराच काळ वाढत राहतात आणि गळलेले केस अंगावरच्या लांब केसांत अडकून राहतात. म्हणून रोज विंचरावं लागतं, नाहीतर जटा होतात. ठरावीक दिवसांनी केस कापून घ्यावे लागतात तो खर्च वेगळा. उलट पगचे केस इतके आखूड, पण तो भरपूर गाळतो. आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात तो पांढरा झुबकेदार कुत्रा तर सोफ्याचा रंग बदलून टाकतो. तेव्हा सोफा स्वच्छ राहावा एवढीच अपेक्षा असेल तर जात बघून कुत्रा निवडणं बरोबर आहे. पण सोफ्याचा प्रश्न वेगळा आणि फुप्फुसांचा वेगळा. मी दोन्हींना एकच फॉर्म्युला लावला.

2011 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा असलेल्या 173 घरांतल्या धुळीचे नमुने तपासले. 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत आणि बाकीच्या घरांत त्या प्रथिनाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. 2012 साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांत ते प्रथिन उलट जास्त निघालं.

यावर माझा रूममेट म्हणतो, "पण आमच्या काकूंना अ‍ॅलर्जी आहे आणि त्यांच्या पूडलचा त्यांना काहीच त्रास नाही." मान्य. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही हे प्रमाण खूप वेगळं असू शकतं, आणि माणसागणिक अ‍ॅलर्जीही वेगळी. लॅब्राडूडलची गोष्ट घ्या. ही जात काही लहान नाही, पण तिचा जन्मच या प्रश्नातून झाला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हवाईमधल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला होती अ‍ॅलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला आणि पिल्लांच्या केसांचे व लाळेचे नमुने त्या नवऱ्याकडे पाठवले. तीन पिल्लांपैकी एकच त्याला चाललं. आईबाप तेच, तरी निकाल वेगळा! आपण गोष्टीतली जात लक्षात ठेवली आणि टेस्टिंग विसरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की 'कुठली जात' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी डॉक्टरांकडून तपासणी. काही जणांना फक्त नर कुत्र्याच्या एका प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते, त्यांना मादी चालू शकते. हे रक्ताच्या तपासणीत कळतं. दमा असेल तर डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मग जो कुत्रा घ्यायचा त्याच कुत्र्याबरोबर, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी काही तास काढायचे. एका भेटीत 'काही झालं नाही' याला अर्थ नाही, त्रास उशिराही सुरू होतो. पिल्लापेक्षा मोठा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर ही परीक्षा आणखी भरवशाची. कुत्रा आणल्यावरही बेडरूम त्याला बंद, सतरंज्या-गालिचे कमी आणि आंघोळ. आंघोळीने प्रथिन कमी होतं, पण तो परिणाम टिकवायला आठवड्यातून किमान दोनदा घालावी लागते. एवढं जमणार आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

"एवढं कशाला, नाही जमलं तर देऊन टाकू," असं म्हणणारे भेटतात. कुत्रा म्हणजे वॉरंटीतला पार्ट नव्हे. असा लहान कुत्रा बारा-पंधरा वर्षं सहज जगतो. बुंदी मावशीकडे पहिले चार दिवस दारापाशीच बसून होती. तिला मावशी तरी मिळाली. सगळ्यांनाच मिळत नाही.

आणि हे फक्त घरापुरतं नाही. दर थंडीत आपल्या होस्टेलवर कुणीतरी मेसमागचं पिल्लू पांघरुणात घेऊन येतं. भावना चांगली आहे, पण शेजारच्या कॉटवर कुणाला दमा आहे का हे आधी विचारा. पिल्लाला पोतं आणि खोकं बाहेर आडोशालाही देता येतं. रेक्टर सर, त्या आडोशाला तेवढी परवानगी द्या!

बहीण आता दर रविवारी मावशीकडे जाते. अंगणात, उघड्यावर, बुंदीशी तासभर खेळते आणि घरी आल्यावर आधी कपडे बदलते. तेवढं तिला सोसतं, डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय. माझ्याशीही बोलते. फक्त परवा आईने नवीन फ्रीज कुठला घ्यावा असं मला विचारलं, तेव्हा ती आतून ओरडली, "त्याला नको विचारूस!"